सांत्वन करणारे यंत्र : एक जुना ग्रंथ व एक नवा प्रयोग

काही महिन्यांपूर्वी सीमाभागातील एका मंडळीत सेवा करणाऱ्या धर्मशिक्षक बंधूंनी आम्हास एक प्रसंग सांगितला. त्यांच्या मंडळीतील एक तरुण विवाहित भगिनी बाळंतपणानंतर कित्येक महिने खिन्न होती. उपासनेस येणे तिने सोडले होते. बंधू चौकशीस गेले असता तिने आढेवेढे न घेता सांगितले की, रात्री झोप येत नाही तेव्हा ती मोबाइलवरील एका संभाषण-प्रणालीशी बोलते. ती प्रणाली कंटाळत नाही. ती दोष देत नाही. आणि मुख्य म्हणजे, तिला सांगितलेले रविवारी मंडळीच्या आवारात कोणाच्या कानी पडत नाही. बंधूंनी आम्हास विचारले, "पाळकसाहेब, हिला काय सांगावे? ते बंद कर म्हणावे, की चालू ठेव म्हणावे?" त्या वेळी आम्हास उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

हे उत्तर शोधताना आम्ही दोन लेखनकृती विचारार्थ घेतल्या आहेत. पहिली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संगणकशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ वाइझेनबाउम यांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हा ग्रंथ. दुसरी, त्याच देशातील डार्टमथ येथील संशोधकांनी 'थेराबॉट' नामक प्रणालीची जी चाचणी घेतली, तिचा मार्च २०२५ मध्ये 'एनईजेएम एआय' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला वृत्तांत. दुःखी मनुष्याचे मन हाताळण्याचे काम यंत्राकडे सोपवूच नये, असे पहिली कृती म्हणते. सोपवले असता रोग्यास गुण येतो, असे दुसरी दाखवते. या दोहोंपैकी एकीस खरे व दुसरीस खोटे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आमच्या मते दोन्हींत सत्याचा अंश आहे, आणि तो कोठे संपतो हे पाहणे पाळकीय सेवेच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

वाइझेनबाउम यांचा इशारा

वाइझेनबाउम यांचा जन्म १९२३ साली बर्लिन येथे एका यहुदी कुटुंबात झाला. नाझी राजवटीत जर्मनी सोडून १९३६ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले. पुढे संगणकशास्त्रात नाव मिळवल्यावर १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाच्या आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीचे. पु. ल. देशपांडे यांनी ते नाटक 'ती फुलराणी' या रूपाने मराठीत आणल्यामुळे आमच्या वाचकांस ती मंजुळा म्हणून परिचित आहे. शॉ यांची नायिका शिकवलेली भाषा बोलू लागते, त्याप्रमाणे हे यंत्रही शिकवावे तसे बोले.

एलायझाची रीत साधी होती. समोरचा जे टंकलिखित करी त्यातील एखादा ठळक शब्द हेरून, वाक्यातील 'मी'च्या जागी 'तुम्ही' घालून, ती तेच वाक्य प्रश्नरूपाने परत करी. 'माझे वडील माझ्यावर रागावले आहेत' असे कोणी लिहिले, तर 'तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा' असे उत्तर येई. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीत मानसोपचारक स्वतः सल्ला न देता रोग्याचेच बोलणे त्याच्यापुढे धरतो. या पद्धतीचे हे बाह्य अनुकरण होते. अर्थ समजण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. तरीही घडले ते विलक्षण. वाइझेनबाउम यांच्या कार्यालयातील सचिव बाईंनी ही आज्ञावली तयार होताना कित्येक महिने पाहिली होती. ती यंत्राची करामत आहे हे त्यांस ठाऊक होते. असे असता, तिच्याशी चार वाक्ये बोलून होताच त्यांनी वाइझेनबाउम यांस खोलीबाहेर जाण्याची विनंती केली.

दुसरा धक्का वैद्यकाच्या बाजूने आला. केनेथ कोल्बी नामक मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६६ मध्येच लिहिले की, अशी यंत्रणा रुग्णालयात बसवल्यास एका तासात शेकडो रोगी हाताळता येतील. मानसोपचारक म्हणजे माहिती घेऊन ठराविक नियमांनी निर्णय करणारा एक घटक, अशी त्यांची मांडणी होती. वाइझेनबाउम यांचा सारा ग्रंथ या मांडणीविरुद्ध उभा आहे. गणना ही एक गोष्ट आणि विवेक ही दुसरी. यंत्र निर्णय काढू शकेल, परंतु निवड मनुष्यच करतो आणि तिचा भार वाहतो, असा त्यांचा भेद आहे. यंत्रास एखादे काम जमेल किंवा कसे, हा प्रश्न ते गौण मानतात. जमले तरी द्यावे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि ज्या कामाचा गाभाच परस्परांविषयी आदर, समज व प्रेम हा आहे ते यंत्रास देऊ नये, असे त्यांचे निःसंदिग्ध उत्तर आहे.

या ग्रंथाचे नैतिक सामर्थ्य आम्ही मान्य करतो. स्वतःच निर्माण केलेल्या वस्तूविरुद्ध साक्ष देण्यास जे धैर्य लागते ते त्यांनी दाखवले. तथापि पाळकाच्या दृष्टीने वाचता ग्रंथात दोन उणिवा आढळतात.

पहिली अशी की, सचिव बाईंच्या विनंतीकडे ते केवळ भ्रमाचे उदाहरण म्हणून पाहतात. साध्या आज्ञावलीने शहाण्या माणसांसही चकवा बसतो, हा त्यांचा निष्कर्ष आहे. परंतु एकांत मागणाऱ्या त्या व्यक्तीजवळ कदाचित काही सांगण्यासारखे असेल, आणि ते ऐकणारा कोणी नसेल, हा विचार त्यांच्या मनास शिवत नाही. भुकेल्याने दगडास भाकर समजावे, यात दृष्टीचा दोष आहे खरा. पण भूक तर खोटी नव्हे.

दुसरी उणीव परिस्थितीची आहे. यंत्र की मनुष्य असा पर्याय ते मांडतात, तेव्हा मनुष्य उपलब्ध आहे असे त्यांनी गृहीत धरलेले असते. आपल्याकडील स्थिती तशी नाही. बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तिच्यात नैराश्य व चिंता यांसारखे सामान्य मनोविकार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचारावाचून असल्याचे आढळले. या ८५ जणांपुढील पर्याय यंत्र की मनुष्य असा नसून यंत्र की कोणीच नाही, असा आहे. ज्याने कधी उपाशी दिवस काढला नाही त्याने भिक्षेच्या अन्नास नावे ठेवावीत, तसे काहीसे या ग्रंथाच्या कठोर निषेधाबाबत वाटू लागते.

थेराबॉटचा प्रयोग

आता दुसऱ्या कृतीकडे वळू. एलायझा व थेराबॉट यांत सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे आणि रचनेतही मूलभूत फरक आहे. आजची भाषा-प्रणाली अफाट लेखनसंग्रहावरून शब्दांची संगती शिकते व प्रत्येक वेळी पुढचा संभाव्य शब्द काढीत वाक्य रचते. तिचे वाक्य कोणी आधी लिहून ठेवलेले नसते. थेराबॉटच्या घडणीची हकिकत मोठी बोधक आहे. प्रथम तिला दुःखी माणसांनी एकमेकांशी केलेल्या सार्वजनिक संभाषणांवर शिकवले गेले. तेव्हा ती धीर देण्याऐवजी स्वतःच निराशेची वाक्ये बोलू लागली. नंतर मानसोपचारकांच्या बैठकींच्या नोंदींवर शिकवले. तेव्हा ती हुंकार देण्यात व रोग्याच्या आईला कारण ठरवण्यात वेळ घालवू लागली. अखेरीस संशोधकांनी व प्रशिक्षित व्यक्तींनी उत्तम उपचाराचे नमुने म्हणून स्वतः संवाद लिहिले व त्यांवर ती घडवली. यंत्राचे म्हणून जे शहाणपण आपणास दिसते ते अशा रीतीने कोण्या मनुष्यांच्या परिश्रमाचे असते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चाचणीत २१० प्रौढ व्यक्ती होत्या. त्यांस नैराश्य, सततची चिंता वा आहारविषयक विकाराचा धोका होता. त्यांतील १०६ जणांना चार आठवडे थेराबॉट वापरण्यास देण्यात आले. उरलेल्यांना तूर्त काही न देता प्रतीक्षायादीत ठेवले. नैराश्य असलेल्या वापरकर्त्यांची लक्षणे सरासरीने ५१ टक्क्यांनी उतरली. प्रत्येकाने एकूण सरासरी सहा तासांहून अधिक काळ प्रणालीशी संभाषण केले. आणि मनुष्य-उपचारकाविषयी रोग्यांस जितका विश्वास वाटतो त्याच्या आसपासचा विश्वास या प्रणालीविषयी वाटल्याचे त्यांनी नोंदवले.

या फळास क्षुल्लक म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. नैराश्याचे मोजमाप करण्यास नऊ प्रश्नांची एक पत्रिका जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला काय, झोप लागली काय, भूक होती काय, आपण अपयशी आहोत असे वाटले काय, असे प्रश्न. आणि नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयी. शून्यापासून २७ पर्यंत गुण. हा आकडा खाली येतो, तेव्हा कोणी तरी रात्री झोपलेले असते, कोणी तरी मुलास हाताने भरवलेले असते. आकड्यामागे हे असते हे विसरून त्यास 'केवळ आकडा' म्हणणाऱ्या उपदेशकाशी आम्ही सहमत नाही.

तरी वृत्तांत बारकाईने वाचता तीन मर्यादा दिसतात. पहिली, तुलना प्रतीक्षायादीशी आहे. काहीच न मिळालेल्यापेक्षा काही मिळालेला बरा झाला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. कनवाळू मनुष्य मिळालेल्याशी तुलना येथे नाही. दुसरी, निरीक्षणाचा काळ एकूण आठ आठवड्यांचा आहे. नैराश्य वर्षानुवर्षे परतून येणारा विकार आहे. तिसरी मर्यादा आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. चाचणीच्या काळात यंत्राच्या संदेशांवर संशोधकांची नजर होती, आणि जिवास धोका दिसताच वा यंत्र चुकताच मनुष्य पुढे होई. म्हणजे जे यशस्वी झाले ते एकटे यंत्र नव्हे. ज्याच्यामागे जबाबदार माणसे जागी होती असे यंत्र यशस्वी झाले. स्वतः संशोधकांनीही देखरेखीवाचून अशी प्रणाली मोकळी सोडू नये, असेच म्हटले आहे.

आणि आमच्या त्या भगिनीच्या मोबाइलवर जे होते ते थेराबॉट नव्हते. ते सर्वांसाठी खुले असलेले, कोणत्याही विषयावर बोलणारे साधन होते. हा भेद सेवकांनी नीट समजून घ्यावा. अशा सर्वसाधारण प्रणालींचा कल समोरच्यास प्रिय वाटेल ते बोलण्याकडे असतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती अतिरेकी खुशामत करते असे दिसून आल्यामुळे तिच्या निर्मात्यांना ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एका सोळा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर आईवडिलांनी त्याच कंपनीवर दावा दाखल केला. एकांतात त्या प्रणालीशी चाललेल्या संभाषणाने मुलास आत्मनाशापासून परावृत्त करण्याऐवजी त्याकडे ढकलले, असा त्यांचा आरोप आहे. त्याच महिन्यात इलिनॉय राज्याने मनुष्य-उपचारकाच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेने मानसोपचार करण्यास कायद्याने मनाई केली. नैराश्यग्रस्त मनुष्य 'मी निरुपयोगी आहे' असे म्हणतो, तेव्हा त्यास प्रेमाने नाही म्हणणारा कोणी हवा असतो. होकारास सोकावलेले यंत्र येथे घातक ठरू शकते.

गोव्यातील शेजारी

थेराबॉटच्या वृत्तांतात जी तुलना नाही, ती अंशतः आपल्या जवळच सापडते. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली, राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. तिचा वृत्तांत २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ तीत सहभागी होते. निम्म्या जणांस केंद्रातील डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशनाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. समुपदेशन करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. या क्षेत्राचे पूर्वशिक्षण नसलेली, थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेली साधी माणसे होती. भेट केंद्रात होई, कधी रोग्याच्या घरी होई.

पद्धतही गूढ नव्हती. नैराश्य आलेला मनुष्य कामे सोडतो, माणसे टाळतो. त्यामुळे आनंदाची कारणे आटतात, आणि नैराश्य वाढते. हे चक्र उलटे फिरवण्यास त्याच्याबरोबर बसून लहानलहान कृती ठरवायच्या : सकाळी विहिरीपर्यंत जाऊन येणे, बहिणीस निरोप धाडणे, परसातील झाडांस पाणी घालणे. पुढील भेटीत काय जमले ते विचारायचे. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

दोन्ही चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून कोणी जिंकले असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण रोगी निराळे, तुलना निराळी, मोजण्याची रीत निराळी. पण एक गोष्ट निर्विवाद दिसते. वाइझेनबाउम यांच्या ग्रंथावर आम्ही जो आक्षेप घेतला, की मनुष्य उपलब्धच नाही, तो आक्षेप आता आमच्याकडेच वळतो. तज्ज्ञ उपलब्ध नाहीत हे खरे. परंतु काही आठवड्यांच्या शिक्षणाने तयार होणारा शेजारी उपलब्ध करता येतो. तो नसणे हे दैवाने आलेले दुर्भिक्ष नव्हे. ज्या मंडळ्यांत रविवारची शाळा, भगिनीमंडळ व तरुणसंघ यांस माणसे मिळतात, त्यांस असे चार जण सापडू नयेत काय?

रतामाचे झुडूप आणि वाटेवरील उतारशाळा

आता पवित्र शास्त्राकडे वळू. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. आपल्या व्यासपीठांवरून या अध्यायावर पुष्कळ प्रवचने होतात. परंतु देवाच्या उपचाराचा क्रम क्वचितच सांगितला जातो. प्रथम त्यास झोपू दिले गेले. मग दूताने स्पर्श करून उठवले आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी पुढे ठेवले. असे दोनदा झाले. त्यानंतर दीर्घ वाटचाल. होरेबावर पोचल्यावर प्रश्न विचारला गेला, तोही दोनदा. आणि एलीयाने दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे शब्दशः सांगितले, तरी त्यास कोणी अडवले नाही. मग काम नेमून दिले गेले. आपण एकटेच उरलो, हा त्याचा हिशेब शेवटी दुरुस्त करण्यात आला : सात हजार आहेत. आणि त्या हिशेबाबरोबर एक मनुष्य दिला गेला, अलीशा.

या क्रमातील काही गोष्टी आज यंत्रास करता येतात, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. प्रश्न विचारणे, तेच गाऱ्हाणे पुनःपुन्हा ऐकणे, चुकीचा हिशेब दाखवून देणे, लहान काम नेमून देणे, हे थेराबॉट करते, आणि आमच्यापैकी कित्येकांपेक्षा अधिक सोशिकपणे करते. भाकर, स्पर्श आणि अलीशा मात्र ते देऊ शकत नाही.

तथापि 'यंत्रास हात नाहीत' एवढेच आमचे म्हणणे असते, तर ते अपुरे ठरले असते; कारण दूरध्वनीवरून बोलणाऱ्या पाळकाचेही हात तेथे पोचत नाहीत. खरा भेद दुसऱ्या एका दाखल्यात दिसतो. लूककृत शुभवर्तमानातील शोमरोन्याने जखमी मनुष्यास स्वतः पट्ट्या बांधल्या व उतारशाळेत नेले. उतारशाळेचा आश्रय घेण्यात त्यास कमीपणा वाटला नाही. परंतु तेथे ठेवून तो निघून गेला नाही. रक्षकाच्या हाती दोन रुपये दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचन दिले. जखम भरण्याचे काम त्या घरात होऊ शकले. वचन मात्र त्या घरास देता आले नसते. ते मनुष्यानेच दिले, आणि त्याच्यावरच ते बंधनकारक होते.

यंत्राने चालवलेली चिकित्सा ही फार तर अशी उतारशाळा आहे. रीत तिच्याकडे देता येते. वचन देता येत नाही, कारण ते मोडल्यास तेथे कोणी उत्तरदायी नाही. अमेरिकेत 'वोबॉट' नावाचे असेच एक साधन होते. २०१७ साली ७० तरुणांवर घेतलेल्या दोन आठवड्यांच्या चाचणीत त्याने नैराश्याची लक्षणे कमी केल्याचे दिसले, आणि पुढे पुष्कळ लोक त्याच्या आधारे रात्री काढू लागले. ३० जून २०२५ रोजी ते बंद करण्यात आले. यात फसवणूक नव्हती. व्यवसायात असे घडते. पण योहानकृत शुभवर्तमानातील मोलकऱ्याची येथे आठवण होते. मेंढरे त्याची नसतात, म्हणून तो जातो. यंत्रास तर जाणे व राहणे यांतील भेदही ठाऊक नाही.

म्हणून वाइझेनबाउम यांच्या सिद्धान्तात आम्ही एवढी दुरुस्ती सुचवतो : यंत्रास दुःखी मनुष्याजवळ येऊच देऊ नये असे नव्हे, ते आले असता ज्याने वचन दिले आहे असा मनुष्य त्याच्यामागे उभा असल्यावाचून त्यास एकटे सोडू नये. आणि डार्टमथच्या वृत्तांतानेही, बारकाईने वाचता, हेच सिद्ध केले आहे.

आमची सेवा

यावरून सेवकांनी काय घ्यावे, ते थोडक्यात मांडतो.

नैराश्य हा विकार आहे. विश्वासाची उणीव नव्हे. 'प्रार्थना वाढवा म्हणजे बरे वाटेल' असे सांगून आम्ही कित्येकांस दुहेरी ओझ्याखाली घातले आहे : आधी विकार, वर अपराधभाव. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून जे कमावले, ते बोलू लागताच घालवले. निमूट बसण्याची ही कला यंत्रास साधणारी नाही, कारण प्रश्न येताच उत्तर देणे हाच त्याचा धर्म आहे. आम्हास ती साधू शकते, साधलेली नाही.

दुसरे, त्या नऊ प्रश्नांतील नववा प्रश्न विचारण्यास भिऊ नये. मरणाचा विचार येतो काय, असे सरळ व हळुवारपणे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट एकट्याने वाहिलेले ओझे उतरते. उत्तर होकारार्थी आल्यास त्या मनुष्यास एकटे सोडू नये व विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तेथे मराठीतूनही मनुष्यच बोलतो. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर असावा.

तिसरे, कोणी अशा प्रणालीशी बोलत असल्यास त्यास दटावू नये. काय बोलता, त्याने काय सांगितले, बरे वाटले काय, असे आस्थेने विचारावे. त्या संभाषणातून आपणास पुष्कळ कळेल. मात्र तेथे सांगितलेले कोठे साठवले जाते व कोणाच्या हाती जाते, याची जाणीव त्यास द्यावी; आणि प्रणालीच्या सल्ल्याने औषध बंद करू नये, असे स्पष्ट सांगावे.

चौथी गोष्ट सांगताना आम्हास लाज वाटते. त्या भगिनीने यंत्र पसंत केल्याची तीन कारणे दिली होती. पहिली दोन, न कंटाळणे व दोष न देणे, यांत यंत्राची थोडीफार वाखाणणी होती. तिसऱ्या कारणात यंत्राविषयी काहीच नव्हते. ते आमच्याविषयी होते. पापनिवेदनाची गुप्तता प्राणांपलीकडे जपणारी परंपरा ख्रिस्तमंडळीची आहे, आणि ज्या मंडळ्यांत तो संस्कार नाही तेथेही पाळकाजवळ बोललेला शब्द पवित्र मानला जातो. असे असता आमच्या मंडळ्यांत 'प्रार्थनेसाठी' म्हणून कोणाकोणाचे दुःख किती घरांतून फिरते, हे वाचकांस सांगावयास नको. एखाद्या कंपनीच्या संग्रहात आपले बोलणे पडून राहण्याचा धोका पत्करून एक भगिनी आमच्यापासून ते लपवते, तेव्हा यंत्राचे परीक्षण करण्यापूर्वी आत्मपरीक्षण करणे न्यायाचे होईल.

त्या बंधूंस अखेर आम्ही पुढीलप्रमाणे कळवले. ते बंद कर, असे सांगू नका. रात्री दोन वाजता तिच्या हातातील तो आधार काढून घेतल्यास तेथे ठेवण्यास आपणाजवळ अद्याप काही नाही. परंतु बाळंतपणानंतरचे नैराश्य उपचाराने बरे होते, हे तिच्या घरच्यांस समजावून तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. तुमच्या पत्नीस दर आठवड्यास एका ठरलेल्या दिवशी तिच्या घरी जाऊ द्या. जाताना काही खावयास न्यावे, बाळास तासभर सांभाळावे, म्हणजे ती झोपेल. पुढच्या भेटीचा दिवस सांगितल्यावाचून निघू नये, आणि सांगितलेला दिवस चुकवू नये. तिने जे सांगितले असेल ते आम्हासही कळवू नये.